माझ्या चित्रावरच्या लाल रेघा

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला मी महाडला कोर्टाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात कामाला होते. सकाळी वकिलांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि नोटिसा. दुपारनंतर लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा बोर्ड. दुकानाच्या मालकांना मी काका म्हणायचे. त्यांनी वीस वर्षं कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन काढली होती. पुढे कॉम्प्युटर घेतला, पण तो त्यांच्या हाताला कधी बसला नाही. ते मागे हात बांधून फेऱ्या मारत मजकूर सांगायचे आणि मी टाइप करायचे.

राहायला मी पोलादपूरला. घरात आई आणि मी, दोघीच. बाबा मुंबईत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होते, ते शिमग्याला आणि गणपतीला यायचे. शाळेत असताना मी चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या होत्या, दुसरीत ए ग्रेड मिळाली होती. बारावीनंतर मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं म्हटलं, तेव्हा बाबा म्हणाले, "त्या खोलीत आम्ही आठ जण पाळीपाळीने झोपतो. तुला कुठे ठेवू?" त्यांचं खरं होतं, म्हणून त्यांच्यावर धड रागावताही आलं नाही. नंतरचं एक वर्ष मी घरी बसून काढलं.

त्या वर्षी टीव्हीवर एक कार्टून मालिका लागायची. मूळची जपानी, पण बोलणं सगळं हिंदीत. तिच्यात एक बुटकी मुलगी होती, आखूड कापलेल्या केसांची. तिचा गाव तिच्याच राजाने पाण्याखाली घातलेला आणि ती हातात स्वतःपेक्षा उंच भाला घेऊन त्याला शोधत डोंगर तुडवायची. तिला कधी हसताना दाखवलं नाही. ती कायम चिडलेली असायची. बाकीच्या कार्टूनमधल्या मुली रडायच्या नाहीतर लाजायच्या. ही मला माझी वाटली. मी वहीत तिला शंभर वेळा तरी काढलं असेल.

नोकरी लागल्यावर दुकानात इंटरनेट आलं. फोनच्या तारेवर चालणारं, मंद, मध्येच तुटणारं. काकांना ते वकिलांसाठी निकाल शोधायला हवं होतं. मी एकदा दुपारी त्या मुलीचं चित्र शोधायला गेले आणि एका वेगळ्याच जागी पोचले. तिथे जगभरातली माणसं आपापल्या आवडत्या मालिकांमधल्या पात्रांची चित्रं स्वतः काढून लावत होती आणि एकमेकांच्या चित्रांखाली लिहीत होती. माझ्या त्या मुलीचीच सातआठशे चित्रं होती. मी इतके दिवस समजत होते की ती फक्त मलाच आवडते. थोडं वाईट वाटलं आणि मग लगेच वाटलं, आपणही एक लावावं.

चित्र कॉम्प्युटरवर काढायचं, म्हणजे माउसने. माउसने चित्र काढायचं म्हणजे साबणाच्या वडीने रांगोळी घालायची. रेघ जाते भलतीकडे, मग ती पुसायची, पुन्हा ओढायची. दुपारी दोन ते अडीच कोर्टाची सुट्टी असायची. तेवढ्यात डबा खाऊन जो वेळ उरेल तो माझा. त्यात भारनियमन. वीज गेली की इन्व्हर्टरवर एकच मशीन चालायचं आणि ते झेरॉक्सला लागायचं. सहा आठवडे लागले मला. कड्याच्या टोकावर भाला रोवून उभी असलेली ती, मागे डोंगर, केस वाऱ्यावर. केस तर मी एकेक करून काढले होते.

काकांना दाखवलं. ते चष्मा वर करून म्हणाले, "झकास! मागे थोडी फुलं टाक, उठाव येईल."

पत्रिकेच्या उरलेल्या कार्डावर रंगीत प्रिंट काढून घरी नेली. आईने ती उजेडात धरली.

"कोन गो ही? नि एवढी रागावलीय कुनावर?"

"राजावर."

"कंच्या राजावर?" असं म्हणत तिने ते कार्ड देवाच्या फोटोशेजारी ठेवलं. ते तिथे नको, असं म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

चित्र त्या जागी चढवायला तीन दिवस लागले, कारण दरवेळी अर्ध्यात लाइन तुटायची. शेवटी एकदा ते चढलं. खाली एक चौकट होती. तिच्यात खूण केली तर तुमच्या चित्रावर सविस्तर टीका मिळेल, असं काहीतरी इंग्रजीत लिहिलं होतं. त्यातला क्रिटिक हा शब्द मला पेपरमुळे माहीत होता. सिनेमावर लिहिणारे मोठे लोक. मला वाटलं, खूण केली की चित्र मोठ्या लोकांकडे जात असणार. मी खूण केली.

पहिल्या दोन दिवसांत सहा जणांनी लिहिलं. छान, वा, केस आवडले. मी ते पुन्हा पुन्हा उघडून वाचत होते. तिसऱ्या दिवशी एक लांबलचक मजकूर आला. खाली एक चित्रही जोडलेलं होतं. मी ते उघडलं, आणि मंद इंटरनेटमुळे ते वरून खाली, पट्टीपट्टीने, दिसायला लागलं. आधी माझा डोंगर. मग माझे केस. मग त्या केसांवरून ओढलेली एक जाड लाल रेघ.

ते माझंच चित्र होतं. कुणीतरी त्याच्यावर लाल रेघा मारल्या होत्या. हनुवटीपासून थेट खाली एक उभी रेघ, खांद्यांवरून एक तिरकी, कमरेवर एक, आणि पायांवर तर लाल रंगात नवीन पायच काढलेले. शाळेत गणिताची वही परत मिळायची तशी दिसत होती ती मुलगी.

मजकूर मी डिक्शनरी घेऊन वाचला. आठ मुद्दे होते. मुलगी उभी नाही, टांगलेली आहे. तिचं वजन कुठल्याच पायावर नाही. भाला धरणारा हात भाल्याच्या शेजारी ठेवला आहे, त्याने धरलेलं काहीच नाही. दुसरा हात पाठीमागे लपवला आहे, आणि लपवला आहे हे कळतं. 'स्टिफ' असा एक शब्द दोनदा आला होता. माझ्या डिक्शनरीत त्याचा अर्थ होता ताठ, आखडलेला, आणि खुलाशाला कंसात प्रेत. मी तो अर्थ वाचला आणि डिक्शनरी मिटली.

माझे कान तापले होते. काकांनी विचारलं, "काय झालं? कुणाचा फोन होता का?"

मी त्यांना पडद्यावर दाखवलं. काकांनी लाल रेघा नीट बघितल्या. त्यांना चित्रातलं कळत नव्हतं, पण कुणाच्या कागदावर कुणी खाडाखोड केली की ते त्यांना बरोबर कळायचं.

"तुझी परवानगी घेतली होती?"

"नाही."

"मग याला उत्तर गेलंच पाहिजे. बस. टाइप कर."

आणि काका मागे हात बांधून फेऱ्या मारायला लागले. ते इंग्रजीत सांगत होते आणि मी टाइप करत होते. त्यांचं इंग्रजी म्हणजे वीस वर्षांच्या नोटिसांचं इंग्रजी. मराठीत सांगायचं तर ते असं होतं: सदर चित्र ही माझी स्वकष्टार्जित निर्मिती असून आपणास कोणताही हक्क अथवा अधिकार नसताना आपण हेतुपुरस्सर त्यात ढवळाढवळ करून मला मनस्ताप दिलेला आहे, सबब, सदर रेघा आपण सात दिवसांच्या आत स्वखर्चाने काढून घ्याव्यात, न काढल्यास होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी आपण जबाबदार राहाल.

तेव्हा मला ते भारदस्त वाटलं. मी पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी चित्राखाली चाळीसेक जणांनी लिहिलं होतं. इतके जण कधीच आले नव्हते. बहुतेकांनी नुसत्या हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा लावल्या होत्या. एकाने कुणाच्या तरी मांजराच्या चित्राखाली जाऊन आमचीच वाक्यं डकवली होती: सदर मांजराने सात दिवसांच्या आत स्वखर्चाने सोफ्यावरून उतरावे. पुढे कितीतरी दिवस त्या जागी 'सात दिवसांच्या आत' हा एक विनोदच होऊन बसला. मला ते 'नोटीसवाली' म्हणायला लागले. मी काकांना यातलं काही सांगितलं नाही. ते दोनदा विचारून गेले, "आलं का उत्तर? घाबरला असेल बघ."

उत्तर आलं होतं. ज्या माणसाने रेघा मारल्या होत्या त्याचं. मी त्याला मनातल्या मनात 'तो' म्हणूनच शिव्या दिल्या होत्या. इंग्रजीत त्या लिहिण्यावरून बाई की पुरुष ते कळत नव्हतं. त्याने लिहिलं होतं, माफ कर. तू चौकटीत खूण केली होतीस म्हणून मी केलं. त्या रेघांना माझे दोन तास गेले. चित्र काढून टाकलं आहे.

खरंच काढून टाकलं होतं. अर्धा दिवस मला जिंकल्यासारखं वाटलं.

मग मी आपलं चित्र पुन्हा उघडलं. तो चुकला आहे हे मला स्वतःला दाखवायचं होतं, बाकी काही नाही. पत्रिकेत मजकूर मधोमध आला की नाही ते बघायला आम्ही एक बारीक उभी रेघ पडद्यावर ओढतो, छापताना ती उमटत नाही. ती रेघ मी मुलीच्या हनुवटीवर धरली आणि खाली बघितलं. रेघ दोन्ही पावलांच्या बाहेर पडत होती. पंजाच्या बाहेर, कड्याच्याही बाहेर, सरळ दरीत. ही मुलगी उभी राहूच शकली नसती. मी तिला सहा आठवडे बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

भाल्यावरच्या हाताचंही तसंच. बोटं भाल्याला चिकटवलेली. पाठीमागचा हात मी लपवलाच होता, कारण मला हात यायचे नाहीत. परीक्षेच्या पेपरात मी असे कितीतरी हात पदराखाली आणि टोपल्यांमागे घातले होते, आणि तरी मला ए ग्रेड मिळाली होती.

आता मला त्या लाल रेघा परत बघायच्या होत्या. विशेषतः ते लाल पाय, ते नक्की कसे वळले होते. पण त्या गेल्या होत्या. मीच नोटीस पाठवून त्या काढायला लावल्या होत्या आणि त्याआधी दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्या उतरवून ठेवायचं मला सुचलं नव्हतं. मी आठवून आठवून कागदावर काढायचा प्रयत्न केला. डावा पाय पुढे होता की उजवा, तेही आठवेना. स्वतःचा इतका संताप मला आधी कधी आला नव्हता.

रविवारी सकाळी मी आईला पडवीत उभं केलं. हातात आंबे उतरवायची लांब काठी दिली.

"अशी रोवून धर. आणि हलू नको."

"किती येळ?"

"थोडा."

"चुलीवर भात हाय माझा."

"थोडाच गं."

आई उभी राहिली. पहिल्यांदा फोटोला उभी राहते तशी राहिली, पाय जुळवून. मग पाच मिनिटांत कंटाळली आणि तिचं अंग आपोआप एका बाजूला कललं. एका पायावर सगळा भार, दुसरा गुडघा सैल, काठीवर हात असा की काठी काढली तर ती त्या बाजूला जाईल. ते दिसल्यावर मी पेन्सिल पळवायला लागले. आई बोलत होती, भात लागेल, शेजारीण बघते, हे काय वय हाय का माझं काठी घेऊन उभं ऱ्हायचं, आणि मी तिला म्हणत होते, बोल पण हलू नको. भात करपलाच. तिने जेवताना ते चित्र मागून घेतलं.

"ही मी हाय?"

"नाही. पाय फक्त तुझे."

"माझं पाय एवढं गोरं कधी झालं?" म्हणून तिने कागद परत दिला आणि करपलेला भात मला वाढला.

दुसरं चित्र पाच आठवड्यांत झालं. त्या पायांवर मी खूप कष्ट घेतले. पंजे जमिनीत रुतल्यासारखे केले, हाताची बोटं एकेक करून भाल्याभोवती वळवली, पाठीमागचा हात पुढे आणला. उभी रेघ घेऊन दहा वेळा तपासलं. ते चढवलं आणि त्या माणसाला माझ्या स्वतःच्या इंग्रजीत लिहिलं. काकांना न विचारता. मी लिहिलं की ती नोटीस माझी नव्हती, म्हणजे होती पण भाषा माझी नव्हती. तुमच्या रेघा बरोबर होत्या. हे नवीन चित्र बघा.

नऊ दिवस काही नाही. बाकीचे आले, 'नोटीसवाली परत आली' म्हणून गेले. मी दर दुपारी डबा उघडायच्या आधी ते पान उघडायचे. दहाव्या दिवशी उत्तर आलं. लिहिलं होतं, उशीर झाला, मी दिवसभर दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते आणि आमच्या डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर चित्रं बघायला बंदी केली आहे. तेव्हा कळलं की ती बाई आहे. पुढे तिने लिहिलं होतं, पाय आता जमिनीवर आहेत. हातही ठीक. पण पहिल्या चित्रातली मुलगी चिडलेली होती, मला ते पटलं होतं. ही चिडलेली नाही. ही चिडायला बसवलेली वाटते.

मी माउस टेबलावर आपटला. काका दचकले.

"काय म्हणतो तो?"

"तो नाही, बाई आहे ती. पाय बरोबर आहेत. आता तोंड चुकलं म्हणते."

"अरे! एकदा पाय म्हणते, एकदा तोंड म्हणते. ठरव म्हणावं काय ते एकदाच."

मला हसू आलं नाही, कारण चित्र बघितल्यावर ते मलाही दिसत होतं. पायांच्या नादात मी चेहरा नुसता नीट काढला होता. दोन्ही डोळे सारखे, भुवया सारख्या, सगळं मोजून. पहिल्या चित्रातला चेहरा उचलून या मानेवर बसवून बघितला, तर तो बसेना, कारण ती मान चुकीच्या अंगावर काढलेली होती. एक दुरुस्त करावं की दुसरं बिघडावं, असं चाललं होतं. पुढचे आठ-दहा दिवस मी डोक्यात तो चेहराच घेऊन फिरत होते. एसटीतही आणि दुकानातही.

आणि त्यातच ती चूक झाली. नाते गावातल्या एका कुटुंबाची लग्नपत्रिका होती. आम्ही प्रत्येक पत्रिका नव्याने करत नव्हतो. आधीची कुणाचीतरी उघडायची आणि नावं बदलायची. आधीच्या पत्रिकेत मुलीचे वडील वारलेले होते. मी नाव बदललं, पण त्याच्या आधीचं 'कै.' तसंच राहिलं. प्रूफ मीच तपासलं, म्हणजे तपासलं असं समजले. पत्रिका छापून गेल्या.

दोन दिवसांनी सकाळी एक गृहस्थ दुकानात आले. पांढरा सदरा, हातात पिशवी. त्यांनी पिशवीतून पत्रिका काढून काउंटरवर ठेवली, त्या एका अक्षरावर बोट ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "हा मी."

काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ते उभेच राहिले.

"मी अजून हाय," ते गृहस्थ म्हणाले. "निम्म्या वाटून झाल्यात. काल माझी बहीण रडत घरी आली."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओठ मिटलेले, मान किंचित पुढे, एक भुवई दुसरीपेक्षा खाली आणि डोळे माझ्याकडे नाही, त्या अक्षराकडे. मी काकांच्या मागे उभी होते. मला रडू येत होतं आणि तरीही, सांगायला लाज वाटते, मी त्या भुवईकडे बघत होते.

पत्रिका पुन्हा छापून दिल्या. वाटलेल्या घरी काका स्वतः त्या गृहस्थांबरोबर नाते गावी जाऊन माफी मागून आले. आल्यावर ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले.

"चित्र काढ, मी नाही म्हणत नाही. पण तू जिवंत माणसाला मारलंस! महिनाभर दुपारचं ते बंद. इंटरनेटला हातसुद्धा लावायचा नाही."

चुकीच्या पत्रिकांचा परत आलेला गठ्ठा मात्र मी घरी नेला. त्यांची मागची बाजू कोरी होती. महिनाभर मी एसटीत बसून त्यांच्यावर पेन्सिलने चेहरे काढले. गाडी हलायची, रेघा वाकड्या जायच्या, पण माउसपेक्षा ते बरंच बरं होतं. एक भुवई खाली. मिटलेले ओठ. मान पुढे. आई एकदा म्हणाली, "हिला आता खराच राग आलाय." मला तेवढं पुरलं.

महिना संपल्यावर तिसरं चित्र केलं. पाय आईचे, चेहरा त्या गृहस्थांचा, केस आणि भाला त्या मुलीचे. कुठे काय कुणाचं आहे ते मी कुणाला सांगितलं नाही. या वेळी दातांच्या दवाखान्यातल्या बाईचं उत्तर तिसऱ्याच दिवशी आलं. तिने चुका लिहिल्याच नव्हत्या. तिने विचारलं होतं, यासाठी कोण उभं राहिलं होतं? अशी उभी राहणारी बाई रोज ओझं उचलणारी असते.

मी खूश होऊन लिहिलं, माझी आई. मग तिने विचारलं, तू कुठे राहतेस. मी लिहिलं, डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे, तिथून घाट सुरू होतो. आई काय करते, तर भात लावते. तिने भरभरून उत्तर दिलं: मग तू आईचंच चित्र काढ ना! तुझा डोंगर, तुझं शेत काढ. त्यात खरी गोष्ट आहे. या भालेवाल्या मुलीला तर हजार जण काढतात.

ते वाचल्यावर मला जो राग आला तो आधीच्या सगळ्या रागांहून वेगळा होता. लाल रेघा मारल्या तेव्हा अपमान झाला होता. चेहरा चुकला म्हणाली तेव्हा चिडचिड झाली होती. पण हे तिने प्रेमाने लिहिलं होतं आणि मला ते मुळीच नको होतं. शाळेतल्या बाईसुद्धा हेच म्हणायच्या. स्पर्धेचा विषय कुठलाही असो, तू खेड्यातली, तू भातलावणी काढ. मी भातलावणी करतच होते की, दर आषाढात, चिखलात वाकून. चित्रातही मी तेच करायचं? दवाखान्यातली ही बाई स्वतः काय काढायची, तर त्याच मालिकेतला राजा. तिला कुणी म्हणत नव्हतं की तू दात काढ म्हणून.

मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "उत्तर सांगू का?"

"नको," मी म्हटलं. "मी लिहिते."

दोन ओळी लिहायला मला पाऊण तास लागला. डिक्शनरी उघडली नाही. मी लिहिलं, नाही. माझी आई मला रोज दिसते. मला या मुलीला काढायचं आहे. मी खेड्यात राहते म्हणून तुम्ही मला खेडं काढायला सांगू नका. चित्रात काय चुकलं असेल ते सांगा.

पाठवल्यावर वाटलं, आता ही पण गेली. एवढं कुणी कशाला ऐकून घेईल. तेवढ्यात वीज गेली, आणि इन्व्हर्टर झेरॉक्सला लागल्यामुळे मला संध्याकाळपर्यंत काही बघता आलं नाही. मी एका बारशाच्या निमंत्रणाचं प्रूफ तीन वेळा वाचलं, प्रत्येक नाव बोटाने धरून. साडेपाचला वीज आली. शेवटच्या दोन गाड्यांपैकी आधीची मला पकडायची होती. तरी पान उघडलं.

तिने लिहिलं होतं, बरोबर आहे तुझं. मला तसं म्हणायला नको होतं. मग उजवा खांदा बघ. भाल्यावर जोर असेल तर तो खांदा वर चढायला हवा, तुझा खाली आहे. आणि भाला थोडा बारीक कर, तो खांब वाटतो.

मी गाडी सोडली. चित्र उघडलं, खांद्याजवळ मोठं केलं आणि बघत बसले. खांदा खाली होता. ते इतकं सरळ दिसत होतं की मला हसावं की डोकं आपटावं कळेना. काका शटर ओढायला आले, म्हणाले, "झालं का समाधान?"

"नाही," मी म्हटलं. "खांदा चुकलाय."

"अजून खांदा राहिलाच होता का?" म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला आणि किल्ली शोधायला लागले. मी चित्र साठवून ठेवलं, दोन ठिकाणी, आणि मशीन बंद केलं. तो खांदा सुधारायला मला पुढचे तीन आठवडे लागले, आणि तो सुधारल्यावर मान पुन्हा काढावी लागली.